लहान इंजिने आणि आपले शरीर : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पाण्याचा पंप, ग्रासकटर, जनरेटर, फवारणीचा एचटीपी पंप अशा लहान इंजिनांविषयी आलेल्या पत्रांत या वेळी निम्म्याहून अधिक पत्रे यंत्राच्या बिघाडाची नसून ते चालवणाऱ्याच्या तब्येतीची आहेत. इंजिन दुरुस्त करणारे आणि रुग्ण तपासणारे अशा दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी मिळून ही उत्तरे लिहिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल जाते आणि वरचा पेट्रोल पंप पाणी उचलत नाही. आमच्याकडे पंप दोरांनी आत सोडून टप्प्यावर बसवतात, सायलेन्सरला नळी जोडून धूर वर काढतात. उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. तो विझला नाही तर हवा चांगली समजतात. हे कितपत बरोबर? (एक शेतकरी, जि. जालना)

बरोबर नाही. कंदिलाची चाचणी तर फसवी आहे.

आधी पंप पाणी का उचलत नाही ते पाहू. पंप पाणी ओढत नसतो. तो नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचे पाणी पेलतो. उंची वाढली की दर १०० मीटरला साधारण ११ सेंटिमीटर कमी होतात, म्हणजे जालन्याच्या सुमारे ५०० मीटर उंचीवर ही मर्यादा ९.७ मीटरवर येते. त्यातून फूट व्हॉल्वचा (नळीच्या खालच्या टोकाच्या झडपेचा) अडथळा, नळीतले घर्षण आणि तापलेल्या पाण्याची वाफ वजा करा. हाती साडेसहा मीटर राहतात, फार तर सात. जास्त हॉर्सपॉवरचे इंजिन आणले तरी ही मर्यादा हलत नाही. म्हणूनच माणसे पंप खाली नेतात.

आता धूर. लहान पेट्रोल इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नसतो आणि ते थोडे जास्त पेट्रोलवर चालते. त्यामुळे त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड या रंग-वास नसलेल्या विषारी वायूचे प्रमाण काही टक्क्यांपर्यंत असते. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम (दहा लाख भागांतले भाग), आणि १२०० पीपीएम ही पातळी जिवाला तत्काळ धोका मानली जाते. चार मीटर व्यासाची विहीर घ्या, पाण्यावर दहा मीटर मोकळी जागा धरा. आत सुमारे १२५ घनमीटर हवा झाली. एवढ्या हवेत १२०० पीपीएम व्हायला साधारण १७० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड पुरतो. मध्यम आकाराचे पेट्रोल इंजिन ताशी ५०० ग्रॅम सोडते असे धरले, आणि विहिरीतली हवा हलत नाही असे धरले, तर वीस मिनिटांत ही पातळी गाठली जाते. धूर सगळीकडे सारखा पसरत नाही. इंजिनाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाशी तो त्याहून बराच आधी पोचतो.

नळीने धूर वर काढण्यात तीन अडचणी आहेत. लांब नळीमुळे धुराला मागे रेटा बसतो आणि इंजिनाचे तंत्र बिघडते. सायलेन्सरजवळचा जोड तापून, हादरून सैल होतो आणि तिथेच गळू लागतो. शिवाय पिस्टनच्या रिंगांतून क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पेटीत) उतरलेला वायू वेगळ्या वाटेने बाहेर येतो, तो या नळीत जातच नाही. डिझेल इंजिन कार्बन मोनॉक्साइड बरेच कमी सोडते, पण विहिरीतला ऑक्सिजन तेही खाते आणि त्याच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड फुप्फुसाला सूज आणतात. ही सूज काही तासांनी दिसते, म्हणून तिचा संबंध दुपारच्या कामाशी कुणी लावत नाही.

कंदील विझतो तो ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६–१७ टक्क्यांच्या आसपास उतरला की. कार्बन मोनॉक्साइडशी त्याचा काही संबंध नाही. माणूस मरेल एवढा वायू साचलेला असताना कंदील व्यवस्थित जळत राहतो. शिवाय पेट्रोल सांडले असेल तर त्याची वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साचते, आणि तिथे ज्योत सोडणे म्हणजे भडका.

मग करायचे काय? वीज असेल तर सबमर्सिबल पंप. वीज नसेल तर जनरेटर वरच, विहिरीच्या कठड्यापासून किमान सहा मीटर दूर आणि वारा विहिरीकडून जनरेटरकडे वाहत असेल अशा बाजूला ठेवावा. आत फक्त विजेचा पंप आणि केबल जावी. इंजिनच वापरायचे असेल तर जेट पंप लावता येतो. त्यात यंत्र वर राहते, दोन नळ्या खाली जातात आणि खालचा जेट पाण्याच्याच जोरावर पाणी वर रेटतो. पाणी कमी मिळते, पण सात मीटरची अडचण सुटते.

आत कुणी कोसळला तर पहिली गोष्ट, दुसऱ्याने उतरायचे नाही. विहिरीतल्या अपघातांत वाचवायला उतरलेलेच एकामागून एक बळी जातात. इंजिन बंद करा, १०८ आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा, कमरेला दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढा. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे हा नियम गाळ काढतानाही पाळा.

दवाखान्यात गेल्यावर 'इंजिनचा धूर लागला' हे शब्द आवर्जून सांगा. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर इथे चुकतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि त्या रक्ताचा रंग साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनभरल्या रक्तासारखाच वाटतो. आकडा ९८ दाखवतो, माणूस मात्र गुदमरत असतो. रक्तातल्या कार्बोक्सिहिमोग्लोबिनची (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनची) तपासणी मागा. साध्या हवेत त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते सहा तास लागतात. घट्ट बसणाऱ्या मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर दीड तासाच्या आत होते. म्हणून तपासणीचा निकाल येईपर्यंत ऑक्सिजन थांबवू नये. बाई गरोदर असेल तर तेही सांगा, कारण गर्भाला धोका जास्त आणि उपचार जास्त वेळ द्यावे लागतात. बरे वाटून घरी आलेल्या माणसाला काही दिवसांनी, आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे असे सुरू झाले तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

डोके दुखते, मळमळते, पाय गळतात, ही लक्षणे आपल्याकडे पित्त किंवा ऊन लागणे म्हणून सोडून दिली जातात. एकाच यंत्राजवळ काम करणाऱ्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे झाले आणि मोकळ्या हवेत आल्यावर कमी झाले, तर आधी धुराचाच संशय घ्या.

प्रश्न : फवारणीसाठी घेतलेला काडतुसांचा मास्क बंद शेडमध्ये जनरेटर चालवताना वापरला तर चालेल का? (नाशिक)

नाही. त्या काडतुसातला कोळसा औषधांची वाफ धरतो, कार्बन मोनॉक्साइड त्याला चिकटत नाही आणि सरळ आत येतो. शेडचे दार उघडे ठेवणेही पुरत नाही. जनरेटर बाहेरच हवा.

प्रश्न : आंबा-काजूच्या बागेत पावसाळ्यानंतर ग्रासकटर रोज चालवतो. रात्री बोटांना मुंग्या येतात, थंडीत दोन बोटे पांढरी पडतात. यंत्राच्या पुस्तिकेत हादऱ्यांचे आकडे दिले आहेत, ते कसे वाचायचे? कानांतही शिट्टी वाजते. (एक बागायतदार, जि. रत्नागिरी)

तुम्ही पुस्तिका उघडून तो आकडा शोधलात हे फार चांगले केलेत. बहुतेक लोक ती पिशवीतून बाहेरच काढत नाहीत.

हादऱ्यांचा आकडा 'मीटर प्रति सेकंद वर्ग' या एककात असतो आणि डाव्या-उजव्या मुठीसाठी वेगळा दिलेला असतो. त्यातला मोठा घ्या. त्याचा वर्ग करा, दोनने गुणा, मग ट्रिगर दाबून प्रत्यक्ष चालवलेल्या तासांनी गुणा. जे येईल ते तुमचे त्या दिवसाचे गुण. ब्रिटनमध्ये कामगारांसाठी हीच पद्धत वापरतात. १०० गुणांना काळजी घ्यायला सुरुवात करायची आणि ४०० गुण ही एका दिवसाची कमाल मर्यादा. समजा पुस्तिकेत ७ लिहिले आहे. ७ चा वर्ग ४९, दुप्पट ९८. म्हणजे तासाला ९८ गुण. एका तासात पहिली रेघ, चार तासांत शेवटची. कोकणातल्या कामाच्या दिवसांत ट्रिगरवर साडेचार-पाच तास सहज जातात, म्हणजे तुम्ही मर्यादेपलीकडे आहात.

या हिशोबातला वर्ग महत्त्वाचा आहे. पुस्तिकेतला आकडा नव्या, नीट जोडलेल्या यंत्राचा असतो. पाते एका बाजूने तुटले, नायलॉनच्या दोन दोऱ्या कमी-जास्त लांब राहिल्या, मुठीखालचे रबर कडक झाले, नळीतला शाफ्ट किंचित वाकला, क्लचचा एक बूट झिजला, यातले काहीही झाले की ७ चे १० होऊ शकतात. मग तासाला २०० गुण, आणि दोन तासांतच दिवस संपला. म्हणून उपचाराची सुरुवात यंत्रापासून करा. पाते काढून मधल्या छिद्रात खिळा घालून आडवे टांगा. एकच बाजू सतत खाली जात असेल तर ती जड आहे, तिला घासून समतोल करा. चीर गेलेले पाते मात्र घासत बसू नका, फेकून द्या. दोरी दोन्ही बाजूंना सारखी कापा. मुठीचे रबर नखाने दाबून दबत नसेल तर बदला. ते स्वस्त असते आणि फरक लगेच कळतो.

हातमोजे हात उबदार ठेवतात म्हणून घालावेत, पण 'हादरे शोषणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या मोज्यांवर भरवसा ठेवू नका. ग्रासकटर मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर चालतो, म्हणजे सेकंदाला १२५ हादरे. असे मोजे प्रामुख्याने दीडशेच्या पुढच्या हादऱ्यांना अडवतात. मूठ आवळून धरू नका, वजन खांद्याच्या पट्ट्यावर येऊ द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी माणूस बदला. तंबाखू आणि विडी सोडा. निकोटिनने बोटांतल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

पांढरी पडणारी बोटे हा जुना, ओळखीचा आजार आहे. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड इथल्या चुनखडीच्या खाणकामगारांचा अभ्यास केला. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्यांची बोटे थंडीत मेल्यासारखी पांढरी पडत, आणि छिन्नी धरणारा डावा हात जास्त बिघडलेला असे. सुरुवातीला काम थांबवले तर त्रास बराच मागे फिरतो, पुढे गेल्यावर बधिरपणा कायमचा राहतो. तुमची दोन बोटे पांढरी पडू लागली आहेत, त्यामुळे दाखवायला उशीर करू नका. रात्रीच्या मुंग्या मनगटातल्या मज्जातंतूवरच्या दाबामुळेही येतात आणि त्याचा उपचार वेगळा असतो. कोणते बोट, किती वेळ, कशाने सुरू झाले हे लिहून न्या. पांढऱ्या पडलेल्या बोटांचा फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत रंग परत आलेला असतो.

कानांचे गणित असे. ८५ डेसिबल आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे. ग्रासकटर चालवणाऱ्याच्या कानाशी ९५ ते १०० डेसिबल आवाज सहज असतो. फोमचे बोळे घालायचे तर बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. नुसते टेकवलेले बोळे पाकिटावरच्या आकड्याच्या निम्मेही काम करत नाहीत. कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही टिकत असेल तर ऐकण्याची तपासणी करून घ्या.

प्रश्न : इंजिन टिकावे म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल थोडे जास्तच घालतो. धुराने डोळे चुरचुरतात, पण इंजिनला बरे ना? (सावंतवाडी)

इंजिनालाही बरे नाही. पुस्तिकेत २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. ऑइल वाढवले की कार्बोरेटरच्या त्याच छिद्रातून पेट्रोल कमी जाते आणि इंजिन उलट जास्त तापते. जादा ऑइल अर्धवट जळून धुराच्या तोंडाशी आणि जाळीवर काजळी धरते, ताकद जाते, प्लग काळा-ओला होतो. कमी घातले तर पिस्टन चिकटतो. बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजू नका. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली ५० मिलीची सिरिंज ठेवा. ऑइल टू-स्ट्रोकचेच (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनाचे), डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (जपानी मानकाचे दर्जे) लिहिलेले घ्या; ही दोन्ही कमी धुराची असतात. मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक ऑइल घालू नका, त्यातल्या द्रव्यांची राख प्लगवर बसते.

धूर सुधारला तरी निरुपद्रवी होत नाही. टू-स्ट्रोकमध्ये आत आलेल्या मिश्रणाचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त न जळताच बाहेर पडतो, आणि पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझीन असते. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, यात आता शंका राहिलेली नाही. वाऱ्याकडे पाठ करून काम करत पुढे जाऊ नका, धूर तोंडावर येतो. वारा आडवा घ्या. नवे यंत्र घेणार असाल तर फोर-स्ट्रोक पाहा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिका दहाच टक्के सांगतात. कोकणातल्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढते आणि ते तळाशी वेगळे होते. ऑइल वर पेट्रोलसोबत राहते, खालचे बिनऑइलचे मिश्रण इंजिनात आधी जाते. मिश्रण पंधरा दिवसांत संपेल एवढेच करा, दर वेळी कॅन हलवा, हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

प्रश्न : नळीने पेट्रोल काढताना घोटभर पोटात गेले तर मीठपाणी पाजून उलटी करवावी का? (दोन वाचक)

अजिबात नाही. पोटातले पेट्रोल त्या मानाने कमी नुकसान करते. उलटी होताना ते श्वासनळीत उतरले तर फुप्फुसाचा दाह होतो. दूध, तेल, मीठपाणी काही पाजू नका. खोकला, ठसका, धाप यांपैकी काहीही असेल तर लगेच रुग्णालय. काही नसेल तरी सहा-आठ तास लक्ष ठेवा. पेट्रोल काढायला फुग्याचा हातपंप मिळतो. पेट्रोलने हात धुणेही थांबवा. त्वचेतले तेल जाते, भेगा पडतात आणि त्यातून ते आत शिरते. साबण आणि बारीक भुसा पुरतो.

प्रश्न : आयटीआयमध्ये शिकतो. यंत्र आणि आरोग्य या विषयाचा स्वतः अभ्यास करायचा आहे. कुठून सुरू करू, आणि कोणते संशोधन खरे मानू? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

हातातल्या यंत्राच्या पुस्तिकेपासून. शेवटच्या पानांत आवाजाचे दोन आकडे असतात. एक चालवणाऱ्याच्या कानाशी होणारा दाब, दुसरा यंत्राची एकूण ध्वनिशक्ती, आणि दुसरा दहा डेसिबलने किंवा जास्तच मोठा असतो. जाहिरातीत कोणता छापला आहे ते बघायला शिका. मग पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत सूचीत इंग्रजीत 'ब्रशकटर व्हायब्रेशन', 'स्मॉल इंजिन कार्बन मोनॉक्साइड' असे शोधा. सारांश वाचून थांबू नका. किती माणसे तपासली, तुलनेला यंत्र न वापरणारे घेतले होते का, आकडा प्रत्यक्ष मोजला की कामगारांना विचारला, यंत्र कोणत्या अवस्थेत होते, आणि पैसे कुणी दिले, हे पाच प्रश्न प्रत्येक लेखाला विचारा.

शेवटचा प्रश्न का, ते शिसे मिसळलेल्या पेट्रोलच्या इतिहासातून कळते. इंजिनातली 'नॉकिंग' (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) थांबवायला टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग चालते हे १९२१ मध्ये टॉमस मिजली यांना जनरल मोटर्समध्ये आढळले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार दगावले. १९२५ च्या सरकारी परिषदेत वर उल्लेख आलेल्या ॲलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला, तरी मध्यंतरी थांबवलेली विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक दशके शिशाच्या परिणामांवरचे बरेचसे संशोधन उद्योगाच्याच पैशाने, रॉबर्ट किहो यांच्या प्रयोगशाळेत झाले, आणि रक्तातले थोडे शिसे 'नैसर्गिक' असल्याचे सांगितले गेले. क्लेअर पॅटरसन हे मुळात पृथ्वीचे वय मोजणारे भूरसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९६५ मध्ये मांडले की नेहमीचे म्हणजे नैसर्गिक नव्हे, आजच्या माणसाच्या अंगातले शिसे पूर्वीपेक्षा कितीतरी पट आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली, जगात शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये. पैसे उद्योगाचे म्हणून प्रत्येक निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण त्याच प्रश्नावर वेगळ्या पैशाने झालेले दुसरे काम सापडेपर्यंत तो पक्का धरू नका.

स्वतःच्या नोंदींसाठी एक वही करा. तारीख, यंत्र, ट्रिगरवरची मिनिटे, पाते कसे होते, संध्याकाळी हात-कान-डोके कसे होते. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाते आणि मोजे एकाच दिवशी बदलले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. सुट्टीच्या दिवसाचीही नोंद ठेवा, तीच तुमची तुलना. मोबाइलवरचे आवाजाचे ॲप दोन यंत्रांची तुलना करायला चालते, पण मोठ्या आवाजाला फोनचा माइक कमी आकडा दाखवतो. त्याहून सोपी खूण अशी, की हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज ८५ च्या वर आहे. धुराचे प्रयोग मात्र स्वतःवर करू नका. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा मीटर घ्या.

प्रश्न : डिझेल इंजिनाचे नोझल फवारते का हे तळहात पुढे धरून बघतात. काही होते का? (परभणी)

नोझल दीडशे-दोनशे बारच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब) पुढे उघडते. सात बारच्या आसपासची बारीक धारही कातडी भेदू शकते. डिझेल आत शिरते तेव्हा टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही फार नाही, म्हणून माणूस काम करत राहतो. काही तासांत बोट सुजते, काळे पडते आणि अनेकदा कापावे लागते. अशी खूण दिसली की दुखो न दुखो, हाताची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर जा. 'दाबाने डिझेल आत गेले आहे' असे सांगा, कारण वरून बघून ते कळत नाही. बोट चोळू नका, बर्फात घालू नका, काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. एचटीपी पंपाच्या नळीला बारीक छिद्र पडले तर तिथेही हाच धोका आहे. गळती बोटाने चाचपू नका, इंजिन बंद करून, दाब सोडून मग पुठ्ठा धरून शोधा. नोझलची तपासणी टेस्टरवर, तोंड खाली करून, समोर कुणी नसताना करावी.